बिलकुल बराबर म्हटलेली दाढ

वडीगोद्री, मंगळवार,
गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी

चि. श्रद्धा (आणि त्याच वेळी डॉ. श्रद्धा) हिस,

मामाच्या नात्यानं अनेक आशीर्वाद आणि दाढेच्या नात्यानं नमस्कार. दोन्ही एकाच ओळीत लिहिले आहेत, कोणता आधी घ्यायचा ते तुझं तू ठरव. बदनापूरला ताराताईचा गुडघा आणि जगन्नाथदाजींची शुगर कशी आहे ते कळव. दाजी रोज स्टेशनापर्यंत चालत जातात हे चांगलंच, पण परत येताना भजी खातात हे मला इथं वडीगोद्रीत बसून कळतं, एवढं त्यांना सांग. इकडे तुझी मामी मजेत. माझी प्रकृती मानेच्या खाली एकदम ठणठणीत आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन मी चार वेळा केला (रविवारी दोन, सोमवारी दोन). तू उचलला नाहीस. पेशंटच्या तोंडात हात असेल, असं मी मामीला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "गावभर तोंडानं सांगितलंत ना? आता हातानं लिहा." म्हणून लिहायला बसलो. या पत्रामागे माझं कसलंही मागणं नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

आता घडलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला की माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतो (हे मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांकडून शिकलो). आमच्या गिरणीशेजारी अंगदच्या गाळ्यात तू दर गुरुवारी दवाखाना सुरू केलास, तो माझ्याच आग्रहावरून. पहिल्याच महिन्यात माझी डावीकडची खालची, मागून दुसरी दाढ तू भरलीस. तुझ्या मशीनचा आवाज माझ्या मोटारीपेक्षा स्वच्छ होता, असं मी त्याच दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना सांगितलंही. काम झाल्यावर तू दातांमध्ये एक निळा कागद धरायला लावलास, कटकट चावायला सांगितलंस आणि विचारलंस, "मामा, उंच लागतंय का?" एकदा नाही, तीनदा विचारलंस. दार उघडं होतं. बाकावर धर्मराज, मालनबाई आणि मंठ्याहून आलेला एक अनोळखी पाहुणा असे तिघं कान देऊन होते. माझी अर्धी जीभ, गाल आणि ओठ तुझ्या सुईनं असे सुन्न झाले होते की दाढ उंच आहे, ठेंगणी आहे, की मुळात आहे, याचा मला काडीचाही पत्ता लागत नव्हता. पण "मला समजत न्हाई" हे वाक्य एकावन्न वर्षांत माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही, आणि सुन्न तोंडातून तर ते पडणार तरी कसं. बोटानं चाचपून दगडातला केसाएवढा फरक सांगणारा माणूस मी (शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं माझं मी शिकलो, हे तुला पाठ आहे). मी मान हलवली आणि म्हणालो, "बिलकुल बराबर."

तू तरीही कागदावर लिहून दिलंस. दोन-तीन आठवडे गार-गरम झणझणेल, कारण कीड खोल गेली होती, नसेच्या जवळ. ते हळूहळू कमी होईल. तोवर फ्रीजचं पाणी नको, मऊ ब्रश, ती झणझण कमी करणारी पेस्ट, त्या बाजूनं टणक काही चावू नये. आणि शेवटी लिहिलं होतंस की गार-गरमानं नव्हे, नुसतं चावताना कळ आली तर त्याच दिवशी या, दोन मिनिटांचं काम आहे. हा कागद मी गिरणीत आरशाच्या मागं खोचून ठेवला आणि त्यातली शेवटची ओळ सोडून सगळं अक्षरशः पाळलं.

नुसतं पाळलं नाही, नोंद ठेवली. सकाळी सात दहाला माठातलं पाणी, नऊ सेकंद झणझण. दुपारी चहा, सहा सेकंद. बाराव्या दिवशी तेच माठाचं पाणी, दोन सेकंद. म्हणजे तू लिहिलंस तसंच सगळं खाली येत होतं. पण वहीच्या दुसऱ्या रकान्यात, भाकरीचा पापुद्रा डाव्या बाजूला गेला की कानापर्यंत जाणारी कळ पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच चोविसाव्या दिवशीही होती. माझ्याच हस्ताक्षरात माझ्याविरुद्ध पुरावा तयार होत होता आणि मी रोज तो नीटनेटका करून ठेवत होतो.

मंग मी तुझ्याकडे का आलो नाही? चार पावलांवर तुझं दार. श्रद्धा, तिघांसमोर "बराबर" म्हणालो होतो ना. ते मागं घेण्याऐवजी मला तुझं काम खोटं पाडणं सोपं वाटलं. दळण घेऊन येईल त्याला मी गाल धरून सांगत राहिलो की पोरीचा हात चांगला, पण मसाला कच्चा भरला. गिरणीत बोललेलं पिठाबरोबर घरोघर जातं, हे मला ठाऊक होतं. किती जणांना सांगितलं ते मोजलेलं आहे, सदतीस. त्यात धर्मराज होता. दोन दाढा भरून घ्यायला तुझ्या बाकावर येऊन बसलेला माणूस माझं ऐकून उठून गेला आणि दोन आठवड्यांनी जालन्याला जाऊन त्यातली एक उपटून आला.  भेटला तेव्हा हसला, आणि त्या हसण्यात एक खिडकी उघडी होती.

तुझा बाक रिकामा होत गेला तो मी गिरणीतून पाहत होतो. दर गुरुवारी दुपारी तू मामीकडे चहाला यायचीस, ते तीन गुरुवार बंद आहे. मागच्या गुरुवारी तू गिरणीसमोरून गेलीस, मी पट्ट्याशी उगाच खुडबुड करत होतो, तू आत पाहिलं नाहीस. संध्याकाळी अंगद म्हणाला की महिनाअखेर डॉक्टरीणबाई गाळा सोडून राह्यल्या. मी त्याला विचारलं, का? तो म्हणाला, "ते तुम्हीच सांगा, भुजंगभाऊ."

त्यानंतर शनिवारी मालनबाई आल्या. पीठ हातात घेऊन म्हणाल्या की चटके देऊन राह्यलंय, दगड बघा. मी म्हणालो, "दगड बिलकुल बराबर हाय, मालनबाई. तुमची ज्वारीच वलसर असंल." त्यांनी पिठाचा हात झटकला. "ज्वारी मागच्याच पोत्यातली हाय. बघायला काय जातं तुमचं?"

मोटार बंद केली, वरचा दगड उचलला. लाकडी पट्टीला ओला गेरू लावला आणि दगडावर फिरवला (जिथं दगड उंच असतो तिथंच लाल उठतं, तेवढंच टाकीनं ठोकून उतरवायचं, एवढीच ही विद्या). कडेला दोन बोटं रुंद लाल डाग उठला. तेवढ्याच जागी दगडाला दगड घासत होता आणि पीठ तापत होतं. मी टाकी हातात घेतली. तुझा निळा कागद म्हणजे माझा गेरूच की, बाई. पंचवीस वर्षं हेच काम करतो आहे, आणि तू माझ्याच तोंडात ते करत होतीस तेव्हा मला ओळखू आलं नाही. मसाला कच्चा नव्हता. दाढ केसभर उंच राहिली होती, आणि ती उंच आहे हे सांगू शकणारा एकुलता एक माणूस "बराबर" म्हणून घरी गेला होता.

तेव्हापासून मी दळणाला येईल त्याला खरं सांगतो आहे. आतापर्यंत एकोणीस झाले. पण वाईट सांगितलं ते लोकांनी एका फटक्यात घेतलं, चांगलं सांगतो तर म्हणतात, भाची आहे म्हणून म्हणता. एकानं तर विचारलं की पोरीनं दम दिला का. चुकीची गोष्ट पसरवायला मला तीन आठवडे लागले. खरी पसरवायला किती लागतील याचा हिशोब मी मांडून पाहिला आणि वही मिटली.

असो. गाळा सोडायचा की ठेवायचा हा तुझा निर्णय, त्यात मी पडत नाही. ताराताईला हे पत्र दाखवू नकोस. दाखवलंस तरी चालेल.

तुझा (अजून असेन तर) मामा,
भुजंग

ता. क. : धर्मराजची दुसरी दाढ शिल्लक आहे. तो गुरुवारी अकराला तुझ्या बाकावर येऊन बसायला तयार झाला आहे. मात्र त्याची अट अशी की आधी भुजंगभाऊनं बसावं.

ता. क. २ : एक गोष्ट वर क्रमानं सांगायची राहून गेली. रविवारी मी घरीच बिलबुकातला कार्बन पेपर दातात धरून पाहिला. डाग खालच्या दाढेवरही उठला आणि तिच्यावर टेकणाऱ्या वरच्या दाढेवरही. तुझ्या कामाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून वरची घासायची ठरवली, कारण अंतर दोघींच्या मधलं, कोणताही दगड उतरवला तरी हिशोब तोच. बारीक कानस उकळत्या पाण्यातून काढून मोजून चार हात मारले. पाचव्याला मामीनं कानस हिसकावली. हिशोब बरोबर होता, चावतानाची कळ थोडी उतरली. पण आता वरच्या, चांगल्या दाढेतही गार पाणी झणझणतं (सात सेकंद), आणि जीभ अजून निळी आहे. दाताला वरून कवच असतं आणि ते पुन्हा उगवत नाही, हे तूच एकदा सांगितलं होतंस. तेव्हा मी मान हलवली होती.

ता. क. ३ : तर मागणं असं, की या गुरुवारी ये. दार उघडंच ठेव. मला खुर्चीत बसव, निळा कागद दे आणि एकदाच विचार. बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं उत्तर देतो. फक्त सुई देऊ नकोस, म्हणजे जीभ सुन्न होती असं म्हणायला मला जागा राहणार नाही.