टाकी पंचायतीची, गाऱ्हाणं अंगणात

मंगळवार, संध्याकाळ सरताना

"तुमचा देव न्हाय, म्हनून आमचापन बंद करनार काय, भाऊ?" सरपंच सुनंदावहिनींचं हे वाक्य आठवडाभर डोक्यात होतं. नवी पाण्याची टाकी पंचायतीची, पाणी मुसलमान मोहल्ल्यातही जाणार. तिच्यापाशी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून घातलेलं मागणं, नको, एवढंच देव न मानणारा मी सभेत म्हणालो होतो. बंद कुठे करत होतो? की तसंच ऐकू गेलं? इतक्या वर्षांची शेजारीण बोलेनाशी झाली, ते मात्र लागलं.

आज सकाळी वहिनींनी टाकीचा नळ गाऱ्हाण्याविना नुसता सोडला. गाऱ्हाणं दुपारनंतर, वहिनींच्या अंगणात. बोलावणं नव्हतं, तरी गेलो. खुर्च्या मांडल्या. म्हाताऱ्या रामभाऊंनी गावासाठी मागणं मागितलं आणि शेवटी म्हणाले, "ज्याचा तुज्यावर इस्वास न्हाय, त्यालापन सुखात ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे माझ्याकडे बघून ओरडले. वहिनींचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी हात जोडले नाहीत. जोडायला हवे होते का? नाही वाटलं. हसू मात्र आवरेना. वहिनी द्रोण घेऊन आल्या. "परसाद म्हनून नको, तर शिरा म्हनून खा. पन खा."

दोनदा घेतला.