व्हायरस, तीन पहारेकरी आणि बाईंचा पेनड्राइव्ह

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच लिहितो आहे. टेबलाखालच्या वायरी काढता-घालता कंबर धरली, ती अजून सरळ व्हायला तयार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की तोही त्यांच्याबरोबरच निवृत्त होणार आहे? आम्ही दोघं ठीक. दुकानातला कॉम्प्युटर आजारी होता आणि त्याच्या आजारपणात मी खंगलो, एवढंच. फोन केला असता, पण तू मध्येच "पुढे काय झालं?" विचारतेस आणि मला आधी काय झालं तेच धड सांगता येत नाही. ईमेल केली असती, पण माझ्या नावाने आलेली ईमेल सध्या तू उघडू नयेस हेच बरं.

तर पोस्टाच्या खिडकीवर बसायच्या त्या बाई तुला आठवतात का? तिकीट चिकटवायलासुद्धा आपल्याला शिकवायच्या, त्या. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. त्या गृहस्थांना फोटो काढायचा भारी नाद. त्यांचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये, आणि तो पेनड्राइव्ह घेऊन बाई आपल्या स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "यांचा स्वतःचा एखादा बरा फोटो यात असला तर मोठा करून द्या. समोरच्या खोलीत लावायचाय. आणि जपून हं, दुसरीकडे कुठेच नाहीत हे." मी म्हटलं, बाई, निर्धास्त राहा. (ताई, मी ज्याला निर्धास्त राहा म्हणतो त्याने खरं म्हणजे तिथेच पळ काढावा.)

पेनड्राइव्ह लावला. यजमानांच्या नावाचं एक फोल्डर दिसलं, त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण. उघडलं. उघडेना. पुन्हा उघडलं. मग जोरात उघडलं, म्हणजे तेच बटण दात-ओठ खाऊन दाबलं. थोड्या वेळाने बघतो तर शेजारी लावलेला माझा पेनड्राइव्हही तसाच! लग्नांचे, बारशांचे, शाळांचे, सगळ्या फोल्डरांना बाण फुटलेले आणि आत काही नाही. माझ्या अंगाला घाम फुटला. लग्नवाल्यांच्या शिव्या एक वेळ खाता येतात, पण या बाईंना काय तोंड दाखवायचं?

मग माझी अक्कल चरायला गेली आणि मी मेव्हण्याला फोन लावला. तो लिफ्टच्या कंपनीत आहे, पण बटणं असलेल्या सगळ्या वस्तूंवर त्याचा अधिकार चालतो. तो म्हणाला, "अँटीव्हायरस नाही? मग हेच होणार! एक नको, तीन टाका." मी तीन टाकले. एका दारावर तीन पहारेकरी बसवल्यावर काय होणार? चोर राहिला बाजूला, तिघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. माऊसचा बाण सकाळी या कोपऱ्यातून निघाला तर जेवणाच्या सुमारास त्या कोपऱ्यात पोचायचा.

तिन्हींपैकी एक कुठल्या तरी भलत्याच ठिकाणाहून उतरवला होता बहुतेक, कारण एकदम सगळा पडदा लालभडक झाला, भोंगा वाजायला लागला आणि "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं आलं. (त्या क्षणी समोर पासपोर्टच्या फोटोसाठी एक गृहस्थ बसले होते. भोंग्याने ते दचकले आणि माझ्याकडून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. तो फोटो बघून त्यांना कुठलाच देश आत घेणार नाही.) मी फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की मला भरून आलं. दिवसभरात माझी विचारपूस करणारा तोच पहिला. तो म्हणाला, मी सांगतो तो प्रोग्रॅम टाका, मग इथे बसून तुमचा कॉम्प्युटर मीच चालवतो. मी टाकतच होतो, एवढ्यात मागच्या खोलीतून तुझी वहिनी आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात चोर शिरला असं चोरच ओरडून सांगतोय आणि तुम्ही त्यालाच किल्ली देताय?" आणि तिने भिंतीतली पिनच उपटली. माझ्या हातात नुसता फोन, त्यात तो अजून "सर, सर" करत होता.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणतात आणि त्यालाही ते पटलेलं आहे. आधी त्याने माझे तिन्ही पहारेकरी हाकलले, एक नीट बसवला, आणि व्याख्यान झोडलं. व्हायरस म्हणजे काही हवेतून येणारा जंतू नव्हे, कोणीतरी माणसानेच लिहिलेला प्रोग्रॅम. तो पेनड्राइव्हमधून, ईमेलमधून येतो, ओळखीचं नाव लावून बसतो आणि वाट बघतो. "बोट तुमचंच असतं," म्हणाला. बाईंच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरसने खरं फोल्डर लपवून त्याच नावाचा तोतया पुढे बसवला होता. (बाई झेरॉक्सच्या दुकानात काही कागद छापायला तो घेऊन गेल्या होत्या, तिथून हा पाहुणा आला.) आणि हो, जे जपायचं त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, हे त्याने मला मराठीत आणि नंतर रागात सांगितलं.

एवढ्यात बाई आल्या. मी आरशासमोर चार वाक्यं घोकली होती, त्यातलं एकही आठवेना. मी सरळ म्हटलं, "बाई, फोटो सापडत नाहीत." त्या स्टुलावर बसल्या आणि पर्सचा बंद घट्ट धरला. तोतया काढून टाकत डॉक्टर म्हणाला, "गेले नाहीत हो, लपलेत. आता लपलेलं सगळं दाखव म्हणून सांगतो त्याला."

आणि सगळं आलं. यजमान, डोंगर, मांजरं, सूर्यास्त. आणि त्याखाली आणखी एक फोल्डर. डॉक्टर म्हणाला, हे व्हायरसने नाही लपवलेलं, हे फार जुनं आहे, कोणीतरी मुद्दाम लपवलंय. उघडलं तर आत नुसत्या बाई. पेपर वाचताना, नळवाल्याशी भांडताना, स्टुलावर चढून जळमटं काढताना.

"मी फोटो काढू द्यायचे नाही कधी," बाई म्हणाल्या. "कॅमेरा दिसला की यांच्यावर ओरडायचे." मग पुन्हा पहिल्यापासून सगळे बघितले. "हा माणूस!" एवढंच म्हणाल्या.

मोठा करायला त्यांनी जळमटांचा फोटो निवडला. मी म्हटलं, बाई, यात तुम्ही पाठमोऱ्या आहात, शिवाय कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय भिंगावर, तेवढं कापून टाकतो.

"बोट कापू नका," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर घेतेय."

ताई, मी दमलो आहे गं. आता दिवा मालवून पडतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राबरोबर एक पेनड्राइव्ह ठेवला आहे. दुकानाच्या पायरीवर सापडला. कोणाचा, कळत नाही. बाईंचं बघितल्यापासून फेकवत नाही. कोणाच्या तरी जन्माच्या आठवणी असतील. पण माझ्या कॉम्प्युटरला लावायची छाती होत नाही. तेवढा भावोजींच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावून बघायला सांग. त्यांचं ऑफिस मोठं आहे.

ता. ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. पेनड्राइव्ह मी काढून घेतला आहे, भावोजींना त्रास नको. हे झोपलेत तोवर म्हटलं, आपणच लावून बघावा, बिचारं कोणाचं काय असेल. त्यात काही नव्हतं. आता आमच्या कॉम्प्युटरवरही काही नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. गुडघा बरा असेल तर दोन दिवस राहायला या. तुमच्यासमोर हे ओरडत नाहीत.