अकरा पावलं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जमलं! डोंगरावरून आत्ताच आलो. पाय भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

कॅम्पवाल्याला जाहिरातीसाठी तंबूंचा संध्याकाळचा फोटो हवा होता. जागा बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पठार कसलं, तळहाताएवढी सपाटी! आठ तंबू दाटीवाटीनं उभे आणि शेवटच्या तंबूमागे अकरा पावलांवर सरळ कडा. मोजली मी. फोटोच्या नादात मागे सरकताना आपणच जायला नको म्हणून. कठडा नाही, साधी दोरीसुद्धा नाही.

"जरा मोकळं वाटलं पाहिजे बरं का," कॅम्पवाला म्हणाला.

मग वाइड लेन्स लावली. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी लांब ढकलते. पहिल्या तंबूसमोर ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली घेतला आणि थांबलो. सूर्य गेल्यावर दहा-बारा मिनिटं अशी येतात की आभाळाचा निळा आणि तंबूतल्या कंदिलांचा पिवळा बरोबर तोलात असतात. त्याआधी कंदील फिके, त्यानंतर आभाळ काळं. तेवढ्यात नऊ फोटो काढले. सातवा लागला! कडा कुठल्या कुठे गेला. तंबूंच्या आजूबाजूला फुटबॉल खेळता येईल असं मैदान!

कॅम्पवाला बघतच राहिला. खरं सांगायचं तर मीही. पासपोर्टचे फोटो काढण्यात जन्म गेला, असा एक तरी हवा होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. हिनं बघितला. "अहो, तुम्ही काढलात? खरंच?" यात कौतुक किती आणि शंका किती, ते विचारलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ताईचा फोन. तिच्या शाळेची पाचवीची सहल — एक्केचाळीस मुलं — त्याच कॅम्पवर! मार्चच्या शेवटी, दोन दिवस.

"छोट्या, तुझा फोटो दाखवला आणि मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. एवढं मैदान आहे म्हटल्यावर पोरं मनसोक्त हुंदडतील. तू बघितलीयेस ना जागा?"

"हो," म्हणालो. एवढंच. गाढव!

बुधवार, १९ फेब्रुवारी

त्याच लेन्सनं आमच्या बाहेरच्या खोलीचा फोटो काढून पाहिला. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं. फोटोत लग्नाचा हॉल.

ही हसायला लागली. "चला, या घरात राहायला जाऊ या!" मग म्हणाली, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं." ती खोलीबद्दलच बोलत होती. मला मात्र पुढे जेवण गेलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताईला फोन केला. सांगायचंच म्हणून केला. आणि काय बोललो? "तिकडे थंडी फार असते गं." थंडी!

मग म्हटलं, जागा तशी लहान आहे. तर ती उसळली. "तुझं नेहमीचंच आहे. मी काही ठरवलं की तुझ्या पोटात दुखतं. काय असेल ते साफ सांग ना!"

नाही सांगता आलं. शिक्षकांच्या खोलीत ती जो फोटो मिरवते तो खोटा आहे, असं सांगू? पण खोटा तरी कसा? मी त्यात काही घातलं नाही, काही पुसलं नाही. लेन्स ती लेन्स. सकाळपासून हेच घोकतोय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कॅम्पवाल्याला फोन. म्हटलं, कड्याच्या बाजूला कठडा घाला, निदान दोरी तरी. "अहो, कठडा घातला तर तुमच्याच फोटोची वाट लागेल की!" आणि हसला. मीही हसलो. का हसलो?

रविवार, २ मार्च

अकरा पावलं ही माझी, चालताना. दहा वर्षांचं पोर पळत सुटलं तर त्याला किती वेळ लागतो?

शनिवार, ८ मार्च

हिला सांगितलं, ट्रायपॉडचा स्क्रू तिथेच राहिलाय, आणि वर गेलो. कदाचित मोजण्यात चूक झाली असेल, कदाचित वीस असतील — वाटभर हाच खेळ.

तंबू जागेवर नव्हते. सगळेच्या सगळे मागे गेलेले. शेवटच्या तंबूपासून कड्यापर्यंत मोजलं. चार. पुन्हा मोजलं. चारच!

आचारी पातेली घासत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईकं भांडायला लागली हो. फोटोतलं मैदान कुठंय म्हणून. मग मालक म्हणाले, तंबू मागं सरकवा, पुढं मैदान होतंय." आणि खो खो हसला. "तो फोटोवाला भेटायला पाहिजे एकदा."

मी "असं का" म्हणालो आणि उतरायला लागलो. फोटो जागेसारखा नव्हता म्हणून त्यांनी जागाच फोटोसारखी केली, आणि हे मी केलं.

रविवार, ९ मार्च

ताईकडे गेलो. ती सहलीच्या परवानगीच्या चिठ्ठ्या लावत बसली होती. सगळं सांगितलं. लेन्स, अकरा, चार. काही लपवून ठेवलं नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ करत म्हणाली, "दोघी आयांनी विचारलं होतं, जागा सुरक्षित आहे ना. मी सांगितलं, माझा भाऊ स्वतः बघून आलाय."

मी म्हटलं, "मंगळवारच्या पालकसभेत मी उभा राहून सांगतो. चूक माझी आहे."

"ये मग," म्हणाली.

कॅम्पवाल्यालाही फोन केला, त्यानं उचलला नाही. फोटो काढून टाका, तंबू पुढे घ्या, असा निरोप ठेवला. मनावरचा दगड उतरला. कितीतरी दिवसांनी दोन घास नीट गेले.

मंगळवार, ११ मार्च

सहल रद्द. मी उठायच्या आतच ताई उभी राहिली. म्हणाली, "नीट चौकशी न करता मी जागा ठरवली." एक बाई ओरडली, "तुमचा भाऊ बघून आला होता ना? त्याचं काय?" ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यानं मला आधीच सावध केलं होतं. मीच ऐकलं नाही."

मी शेवटच्या बाकावर होतो. उठलो नाही.