ब्लेड, चुंबक आणि काकूंचा फोन

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुमच्या लॅबच्या जागी कॉलेजनं कँटीन वाढवलंय. मी मात्र फिरून बेळगावातच आलेय. बेंगळुरूच्या एका कंपनीनं इथं छोटं ऑफिस काढलंय, तिथं मी केसाहून बारीक पट्ट्यांचे स्विच कॉम्प्युटरवर तपासते. व्होल्टेज दिलं की पट्टी खाली वाकते आणि स्विच लागतो. तुम्हीच शिकवलेलं काम. म्हणून तर हे तुम्हाला लिहायला बसले, नाहीतर कुणाला लिहिणार?

शेवटच्या वर्षाचा तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मी गुंजीहून सकाळच्या गाडीनं आलेय, डबा तसाच बॅगेत आहे. अशाच एका पट्टीचं मॉडेल लावलंय. कॉम्प्युटर उत्तराचा अंदाज घेतो, चूक सुधारतो, परत अंदाज घेतो, आणि ठरावीक व्होल्टेजला पोचला की गोल गोल फिरत बसतो. एका उत्तरावर ठरतच नाही, म्हणजे कन्व्हर्ज होतच नाही. पट्टीचे तुकडे पाडणारी जाळी बारीक करून झाली, व्होल्टेजची पावलं लहान करून झाली. शेवटी कंटाळून मी किती चूक चालेल ती मर्यादाच सैल केली आणि आलेख सुरेख आला. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. ‘‘हे कुठनं आणलंस?’’ ‘‘कन्व्हर्ज झालं, सर.’’ ‘‘झालं न्हाय, तू व्हायला लावलंस. ते बिचारं अडून काय सांगतंय ते ऐकायचं सोडून त्याचं तोंड दाबलंस की गं.’’ सगळी लॅब ऐकत होती.

मग तुम्ही वर्कशॉपमधून करवतीचं जुनं ब्लेड आणलंत आणि एका मोडक्या स्पीकरमधला चुंबक. ब्लेडचं एक टोक टेबलाला आवळलं. चुंबक जवळ नेत गेलात तसं ब्लेड हळूहळू वाकत गेलं, आणि एका जागी टक्‌कन चिकटलं. ‘‘तुझी पट्टी बी अशीच चिकटती. मधली जागा ती दाखवंलच कशी? आता उलटं करू. ब्लेड किती वाकवायचं ते आपण ठरवायचं, बोटानं तिथं धरायचं. मग बोटाला ओढ न्हाय का रेटा न्हाय, असं होईस्तोवर चुंबक मागं-पुढं करायचा.’’ म्हणजे व्होल्टेज देऊन वाकणं विचारायचं नाही. वाकणं देऊन व्होल्टेज विचारायचं. संध्याकाळच्या आत माझं मॉडेल पट्टी पार तळाला टेकेपर्यंत गेलं. जाताना ते ब्लेड न् चुंबक तुम्ही माझ्या हातात ठेवलेत. ‘‘ऱ्हाऊ दे तुझ्याकडं.’’ पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

यंदा ऑफिसात आमचा एक सहकारी, खानापूरचा, नेमका त्याच जागी अडला. गिऱ्हाईक मागं लागलेलं, त्याचं जेवणाकडं लक्ष नाही. मी घरून ब्लेड-चुंबक नेऊन दाखवलं आणि त्याचं काम सुटलं. साहेबांनी मला हेच सगळ्यांपुढं करून दाखवायला सांगितलं, कॅमेरा लावला. शेवटी बेंगळुरूहून कुणीतरी विचारलं, ‘‘हे तुम्हाला सुचलं कसं?’’ तुमचं नाव अगदी ओठांवर होतं, सर. आणि मी हसून म्हणाले, ‘‘असंच, खेळता खेळता.’’ टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

कंपनीनं त्या व्हिडिओतला ब्लेडचा तेवढा तुकडा इंटरनेटवर टाकला. आठवड्याभरात निपाणीहून, तुमच्या घरून, काकूंचा फोन. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. ‘‘अगं, भाचीनं दाखवलं. ह्यांचंच की ते! तसंच बोट धरलंयस बघ. मी लई रडले.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘सुरवातीला नाव घेतलं असशील न्हवं ह्यांचं? तेवढंच कापलंय वाटतं त्या लोकांनी.’’

‘‘व्हय, काकू,’’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून त्या तुकड्याखाली तुमचं नाव घालून घेतलं. खानापूरचा सहकारी म्हणाला, ‘‘मॅडम, कोण विचारणाराय आता?’’ पण विचारणारं माणूस आहे. काकूंनी रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांना तो कापलेला भाग ऐकायचाय. ‘‘काय काय बोललीस ह्यांच्याबद्दल, ते तुझ्या तोंडनं सांग. मी शेजारणींना बी बोलावते.’’

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकता येणारही नाही. ज्यांना लिहायला हवं त्यांचा पत्ता माझ्याकडं आहे. पण काल दुपारभर मी काकूंपुढं बोलायची वाक्यं जुळवत बसले होते, सर. खरं काय झालं त्याची नव्हेत. त्या दिवशी तुमच्याबद्दल मी काय काय बोलले, त्याची. फार छान जुळली.