काश्मीरचं प्रस्थान

२० नोव्हेंबर १९६१, सकाळी
दिवाळीची सुट्टी संपली. आजपासून रोजनिशी. मोठा प्लॅन मनात असला की तो कुठंतरी बोलावा लागतो, आणि ज्याच्याशी बोलावं असा माणूस भूममध्ये नाही.

प्लॅन: काश्मीर. ऑफ सीझन.

आमच्या ओळीत उत्तरेला तिसऱ्या घरात वसंतराव राहतो. खरेदी-विक्री संघात कारकून. मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन आला, तेव्हापासून स्ट्रॉबेरीशिवाय दुसरा विषय नाही. मेमध्ये महाबळेश्वरला कोण जातं? सगळे जातात. मेंढरंही सगळी एकाच बाजूला जातात. शहाणा माणूस सगळे परतले की निघतो. हिवाळ्यात काश्मीरची हॉटेलं ओस पडतात, रेट निम्म्यावर येतात, असं वाचनालयातल्या इंग्रजी पेपरात आहे. तो पेपर गावात मी एकटाच वाचतो.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. झेलमचा उगम झोपेतसुद्धा सांगेन. प्रत्यक्ष सोलापूरच्या पुढं गेलेलो नाही, पण भूगोल हा बघायचा विषयच नाही, समजायचा आहे.

२२ नोव्हेंबर
चंद्रप्रभाला प्लॅन सांगितला. बायकोला न विचारता प्लॅन करणारा नवरा मी नाही. आधी ठरवतो, मग विचारतो. ती म्हणाली, "काश्मीर नगं, सोनारीला न्या भैरोबाला. लग्न झाल्यापासनं भूमहून बार्शी अन् बार्शीहून भूम, एवढंच बघितलंय म्या. कुठं बी न्या, पण न्या."

दृष्टी किती कोती! एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं त्याला मी प्रवास म्हणत नाही. बर्फाचं वर्णन केलं. ऐकता ऐकता तिचा हात कणकेत तसाच राहिला. मग म्हणाली, "खरंच नेणार?" तिच्या माझ्यावरच्या विश्वासात फार सुधारणा हवी.

पगारातून साठवलेला काश्मीर फंड तिच्याकडं दिला. तिनं तो डाळीच्या डब्यात ठेवला. बायकांची बँक.

२६ नोव्हेंबर
ओव्हरकोट शिवायला टाकला. गफार टेलरकडं निजामाच्या फौजेतले जुने कोट पडून होते. दोन कोटांचा एक करायला सांगितलं. गफार म्हणाला, "सर, निजामाचं कापड हाय. आतला माणूस मरंल, पर कोट न्हाय फाटायचा." अशा लोकांना ग्राहकाशी काय बोलावं हेच कळत नाही.

३ डिसेंबर, पहाटे
आजपासून थंडीची प्रॅक्टिस. विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ. थंडी हा मनाचा खेळ आहे.

४ डिसेंबर
शाळेत गेलो नाही. शिंका. विहिरीचं पाणी अस्वच्छ असावं.

५ डिसेंबर
काढा. प्रॅक्टिस पुरेशी झाली आहे.

७ डिसेंबर
कोट आला. खिसे गुडघ्यापर्यंत. गफारला मापं घेता येत नाहीत. तरी घालून बाजारातून एक फेरी मारली. ऊन होतं. लोक बघत होते. काहींना हसू आवरेना. जन्मात ओव्हरकोट पाहिलेला नाही, बिचाऱ्यांनी.

१० डिसेंबर
नारायणरावांकडं गेलो. तहसिलीतले निवृत्त पेशकार, दिवसभर पंचांग घेऊन ओसरीवर बसलेले असतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण चंद्रप्रभाचं मन राखायला हवं. नारायणराव म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत निघाल तर धनुर्मास लागतो. त्याच्या आधी मुहूर्त आहे, चौदा तारखेचा. त्या दिवशी प्रस्थान ठेवा."

प्रस्थान म्हणजे, मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. उपरण्यात सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधले तरी चालतं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला, असा हिशेब. फक्त ती वस्तू प्रवास झाल्याशिवाय घरात परत आणायची नाही. आणली तर प्रवास खंडतो.

सुपारी आणि तांदूळ! काश्मीरला निघालेल्या माणसानं गावाला सुपारी दाखवायची?

१४ डिसेंबर, दुपारी
अभूतपूर्व. सगळंच सामान प्रस्थानाला पाठवलं. मोठी ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, कोट. दगडोबा हमालाच्या डोक्यावर ट्रंक, मागून त्याचा भाऊ होल्डॉल घेऊन, त्यामागं मी. घरून उत्तरेचं तिसरं घर हाकेवर आहे, पण दगडोबाला मुद्दाम बाजारपेठेतून, एसटी स्टँडावरून वळवून आणलं. तो वाटेत सारखा म्हणत होता, "सर, आवो घर मागं ऱ्हायलं की!" अडाणी.

उत्तरेला घरं तीनच. दोन घरांना कुलूप आहे, तिसरं वसंतरावाचं. नाइलाज झाला. त्याच्या आईनं, गजराबाईंनी, ट्रंकेवर हळदकुंकू वाहिलं. वसंतराव बघत राहिला. चेहरा पाहण्यासारखा होता. जळतो.

१५ डिसेंबर
दाढीचं सामान ट्रंकेत गेलं.

१६ डिसेंबर
लोकरी रजईही. आणि बरा असा प्रत्येक शर्ट. चंद्रप्रभाच्या तिन्ही चांगल्या साड्या. तिनं त्या वेळी विचारलं होतं की सगळंच कशाला भरायचं. तिचा सूरच असा असतो की माणूस ऐकत नाही.

२२ डिसेंबर, रात्री
उद्यापासून सुट्टी. चंद्रप्रभानं दशम्या केल्या. मी वाचनालयात शेवटचा पेपर पाहायला गेलो आणि बरं झालं गेलो. पेपरात बातमी: नाताळात बर्फ बघायला काश्मीरला पर्यटकांची रीघ. म्हणजे सीझनच की हा! पैसेवाल्यांच्या गर्दीत जाऊन मी दुप्पट रेट मोजू? तिकीट काढलं नव्हतं ही माझी दूरदृष्टी.

प्रवास जानेवारीवर. चंद्रप्रभानं दशम्या डब्यातून काढून ताटात ठेवल्या. आता तीन दिवस त्याच खाव्या लागणार.

३ जानेवारी १९६२
भूममध्ये अशी थंडी मी पाहिली नव्हती. सकाळी ओठ हलत नाहीत. रजई आणि कोट तिकडं, मी इकडं. सामान घरी आणायचं नाही. माझा विश्वास नाही, पण नारायणराव रोज ओसरीवरून बघत असतात.

५ जानेवारी
हेडमास्तरांनी दाढीवरून टोमणा मारला. मास्तरकीत कर्तृत्वापेक्षा गालांना किंमत आहे.

रात्री विचार केला. वस्तू माणसाकडं यायची नाही, एवढंच शास्त्र सांगतं. माणसाला वस्तूकडं जायला मनाई नाही. नारायणरावांना विचारलं. त्यांनी बराच वेळ पंचांग चाळलं आणि म्हणाले, "तसं कुठं लिहिलेलं न्हाय बुवा."

६ जानेवारी
सकाळी वसंतरावाच्या घरी जाऊन ट्रंक उघडली, दाढी केली, शर्ट घातला, तिथूनच शाळेत गेलो. संध्याकाळी तिथं जाऊन शर्ट काढून ट्रंकेत ठेवला. वसंतरावाच्या बायकोनं, लीलाबाईंनी, चहा दिला. साखर जास्त होती. या लोकांना प्रमाण कळत नाही. उद्याही जावं लागेल.

१५ जानेवारी
काल संक्रांत. चंद्रप्रभाला हळदीकुंकवाला नेसायला साडी नाही. ती वसंतरावाकडं गेली, तिथं नेसली, तिथूनच गावभर फिरली. रात्री उतरवायला परत तिथं. मग लीलाबाईंनी जेवायला ठेवून घेतलं. हल्ली ती दुपारीही तिथंच असते. बायकांना घराची ओढ राहिली नाही.

तिनं वाण लुटताना सांगितलं म्हणे की आम्ही काश्मीरला निघालोय. बायका म्हणाल्या, "आवं, अजून निघायलाच लागलाय व्हय?" घरी येऊन मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला समजावलं की तिळगूळ वाटणाऱ्या बायकांची भूगोलाची पातळी ती किती असणार.

२१ जानेवारी
सापडलं! फेब्रुवारीच्या तीन ते पाच तारखेला अष्टग्रही आहे. आठ ग्रह एका राशीत. गावोगाव यज्ञ चालू आहेत, जग बुडणार म्हणतात. देशभर लोकांनी प्रवास रद्द केले. याचा अर्थ एकालाही कळलेला नाही. हॉटेलं ओस, गाड्या रिकाम्या. रेट निम्मे कसले, मातीमोल! इतका अस्सल ऑफ सीझन हजार वर्षांत झाला नसेल. भित्र्यांच्या देशात धीट माणसाला सगळंच स्वस्त.

दोन तारखेला निघणार. नक्की.

चंद्रप्रभा म्हणाली, "बरं." दशम्या केल्या नाहीत.

२ फेब्रुवारी
निघालो नाही. धैर्य वेगळं आणि आचरटपणा वेगळा. गाडीत असताना काही झालं तर? माझं नव्हे, ड्रायव्हर घाबरायचा. ड्रायव्हर लोक अंधश्रद्ध असतात.

४ फेब्रुवारी
दोन दिवस अंगणात बसून आहे. मोकळ्या हवेसाठी. छप्पर जुनं आहे, पण तो मुद्दा नाही. नारायणराव येऊन शेजारी बसले. ते स्तोत्र म्हणत होते, मी फक्त त्यांचे उच्चार सुधारत होतो.

चंद्रप्रभा वसंतरावाच्या घरी. गजराबाई काशी, प्रयाग, हरिद्वारला निघाल्यात, त्यांची बांधाबांध करते आहे. बार्शीची यात्रा कंपनी. म्हाताऱ्यांचा घोळका, गाठोड्यात शेंगांची चटणी, तोंडात नातवांच्या तक्रारी. याला हे लोक उत्तर भारत बघणं म्हणतात.

६ फेब्रुवारी
जग बुडालं नाही. मला माहीतच होतं.

हेडमास्तरांकडं रजा मागितली. ते म्हणाले, निवडणूक तोंडावर आहे, मास्तरांची ड्यूटी लागली आहे, रजा विसरा. लोकशाहीनं माझं काश्मीर अडवलं. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना अंग एकदम हलकं वाटलं. अष्टग्रहीचा ताण उतरला असणार.

७ फेब्रुवारी
चंद्रप्रभा संध्याकाळी घरी आली. बऱ्याच दिवसांनी चुलीपुढं बसली. तिनं सांगितलं ते असं: अष्टग्रहीला भिऊन यात्रा कंपनीच्या चार बायकांनी नावं काढून घेतली. जागा रिकाम्या जाऊ नयेत म्हणून कंपनीनं रेट निम्मा केला. तिनं डाळीच्या डब्यातून पैसे काढून नाव घातलं. "सामान तिकडंच हाय, मुहूर्त बी झालाय. गजराकाकूंबरोबर जाऊन येते. तुमचं काश्मीर निघंल तवा निघंल."

मी तिला परवानगी दिली.

खरं म्हणजे कल्पना माझीच. घोळका पुढं पाठवायचा, रस्त्याचा अंदाज घ्यायचा, हे मी कधीपासून सुचवणार होतो. तिला हिमालयाविषयी चार मूलभूत गोष्टी सांगू लागलो. ती भाकरी थापत राहिली.

१० फेब्रुवारी, सकाळी
ती वसंतरावाच्या घरातूनच निघाली. दगडोबानं ट्रंक उचलली. या वेळी तो सरळ स्टँडवर गेला.

माझं दाढीचं सामान आणि शर्ट लीलाबाईंनी काढून चौरंगावर रचून ठेवले होते. चंद्रप्रभानं संक्रांतीचीच साडी नेसली होती, अंगावर निजामाचा कोट. खांद्यावर तो नीट बसला होता. मी याआधी तिला कोटात पाहिलं नव्हतं.

स्टँडवर अर्धं गाव. गफार आला, त्याची बायको सायराबी आली, हार आणले, नारळ दिले. कुणीतरी विचारलं, "सर, तुमी न्हाय व्हय जायलात?" मी सांगितलं, मी मागून जाणार आहे, रेट अजून उतरतील. लोक हसले. वसंतरावानं कुणालातरी दटावलं. त्याची काही गरज नव्हती.

खिडकीशी जाऊन तिला हरिद्वारची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगत होतो. ती हसत होती. मला वाटलं मला बघून. पण ती शेजारी बसलेल्या गजराबाईंशी बोलत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, जरा मागं सरका, गाडी हलतीया."

मागं सरकलो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
शाळेतून आलो तर घराला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. कमरेसकट बार्शीला पोचली असेल.

कुलूप तोडता आलं असतं, पण ओसरीवरून नारायणराव बघत होते. त्यांनी विचारलं, "काय मास्तर, घरात जाईनात?" म्हटलं, उकडतंय.

मग वसंतरावांकडं आलो. लीलाबाई मागचं पुढचं काही विचारत नाहीत. भाकरी आणि पिठलं वाढलं. पिठल्यात मीठ अगदी बरोबर होतं, हे नोंदवणं भाग आहे. वही शाळेच्या पिशवीत असते म्हणून लिहिता येतंय.

वसंतराव म्हणाले, किल्ली यायला महिना लागेल, तोवर इथंच राहा सर, अडचण कसली. भिंतीजवळ ट्रंक दोन महिने होती तिथली जमीन सारवायची राहून गेली आहे. तेवढा चौकोन वेगळा दिसतो. लीलाबाईंनी तिथंच माझं अंथरूण घातलं. पाय जरा बाहेर येतात.