मिठाचा हात

आई, या सोमवारपासून मी ऑफिसला जात नाही. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "काढल्यानी काय गो तुका?" नाही, काढलं नाही. मीच सोडलं. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी मी अंधेरीत एका भाड्याच्या खोलीत सुरू केली, आजवर तिची प्रमुख मीच होते, आणि आता माझ्या हाताखाली तयार झालेल्या एकाकडे ती सोपवून बाहेर पडले. गेले काही महिने जो तो एकच विचारत होता, तू गेल्यावर कंपनीचं काय होणार? गुंतवणूकदार विचारायचे, गिऱ्हाईकं विचारायची, लिफ्टमध्ये भेटणारी माणसंसुद्धा. मी हसून सांगायचे की चांगली कंपनी एका माणसावर उभी नसते. हे वाक्य इतक्यांदा बोलले की पुढे पुढे ते बोलताना मला आपल्या स्वयंपाकघराचा वास यायला लागला. खरंच यायचा. काचेच्या मीटिंग रूममध्ये, एसी चालू असताना, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि ओल्या लाकडी पाटाचा. मी मान वळवून बघायचे. कोणी नसायचं.

तुझी खानावळ कांजूरमार्गच्या चाळीत, आपल्याच दोन खोल्यांत. गावाकडून आलेली, गिरणीत नाहीतर कारखान्यात लागलेली एकटी माणसं जेवायला यायची आणि सगळी तुला काकी म्हणायची. भाजी शेजारची मावशी चिरायची, वाटण तीच वाटायची, भाकऱ्याही तिच्याच. मीठ मात्र तुझं. कोपऱ्यातल्या पाटावरून तू उठतेस, टोपात वाकून नुसता वास घेतेस आणि मूठ उघडतेस, चव म्हणून कधी बघत नाहीस. एकदा मी शहाणपणा करून आमटीत मीठ टाकायला गेले, तर तू माझं मनगट असं धरलंस की हातातली बांगडी वाकली. "हात काढ आधी. मिठाक एकच हात होयो," म्हणालीस. मला रडू आलं, पण तुझं लक्ष आमटीकडे होतं.

तू गेलीस, दिवसकार्य उरकलं आणि खानावळ परत उघडली. मावशीने सगळं तू होतीस तेव्हासारखंच केलं, मी वाढायला होते. पहिल्या घासाला सगळे थांबले. मीठ नव्हतं. आमटीत नाही, भाजीत नाही, कशातच नाही. मावशीला दोष तरी काय द्यायचा, तिचं काम इतकी वर्षं मिठाच्या अलीकडेच संपायचं. कुणीही मीठ मागितलं नाही. मान खाली घालून सगळ्यांनी ताटं साफ केली. त्यांच्यातला सगळ्यात जुना जेवणारा हात धुताना मला म्हणाला, "काकी गेली, ता आज कळलां." तोवर मी रडले नव्हते, तेव्हा रडले. आणि खोटं कशाला बोलू, मला तुझा केवढा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी मीठ घालायला लागली. टोपात वाकायची, तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघून "वयनी, घालतंय हां" म्हणायची, मग मूठ उघडायची. थोडे दिवस कमीजास्त झालं. मग एका दुपारी मी कॉलेजातून येऊन जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला अंगावर काटा आला. तुझीच आमटी, तंतोतंत. तू मागे उभी असशील असं वाटून मला पाटाकडे बघवेना. माणसं गप्पा मारत जेवत होती. नव्याने आलेले तर मावशीलाच काकी म्हणत होते. मी ताट तसंच टाकून उठले. खानावळ पुढे मावशी थकेपर्यंत व्यवस्थित चालली. पण तू खरी गेलीस ती त्या दुपारी, असं मला अजून वाटतं.

ऑफिसात माझंही तसंच होतं बघ. सॉफ्टवेअरमध्ये काही नवं केलं की तपासणी सगळी मुलं करायची, पण मी "सोडा" म्हटल्याशिवाय ते दवाखान्यांकडे जायचं नाही. मी स्वतः फारसं काही तपासायचे नाही. पडद्याकडे बघायचे, पोरांच्या तोंडाकडे बघायचे, आणि म्हणायचे. आज मी नसताना पहिल्यांदा काही सुटायचं होतं. मी इथे मुलुंडला घरी, फोन समोर घेऊन बसले. तुझा पाट माझ्याकडेच आहे, भिंतीशी असतो, त्यावर कुणी बसत नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी फोन नाही. मला इथूनच डोळ्यांपुढे दिसत होतं की सगळे एकमेकांकडे बघतायत, कुणीतरी "सोडा" म्हणालं असेल असं प्रत्येकाला वाटतंय, आणि म्हणालेलं कुणीच नाही. शेवटी न राहवून, ज्याच्याकडे कंपनी सोपवली त्याला मीच फोन लावला. मागे हसण्याचे आवाज येत होते.

"अगं, सकाळीच सोडलं ना," तो म्हणाला. "एकदम मस्त गेलं. तुला कशाला उगाच त्रास, म्हणून नाही कळवलं."

मी झकास म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "सोडा" कोण म्हणालं?

"असं कुणी म्हणालं नाही गं. तयार होतं, सोडलं."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की आज दिवसभर आपल्या स्वयंपाकघराचा तो वास आलेला नाही. मी पाटाजवळ जाऊन बसले, मुद्दाम श्वास घेऊन बघितला. फरशी पुसल्याचा वास होता, बाकी काही नाही. कंपनी चालेल, आई, चांगली चालेल. मी सगळ्यांना सांगत होते तेच खरं निघालं, आणि उद्या कुणी भेटलं तर मी ते छाती फुगवून सांगेनही. हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून तुला तेवढं सांगते. तुला मिळाला तसा एक अळणी दिवस मलाही हवा होता.