कुंकू लागलेला मिक्सर

२९ सप्टेंबर, सोमवार
ऑनलाइन मागवलेला मिक्सर आला. खोक्यावर टेपवर टेप दिसली, तेव्हाच थांबायला हवं होतं. पण घाई. जुन्याने मान टाकलीय आणि चौदा तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण यंदा आमच्याकडे.

उघडला तर 'नव्या' मिक्सरच्या पोटावर कुंकवाचं स्वस्तिक, अर्धवट पुसलेलं. हँडलला लाल दोऱ्याची गाठ. यशू म्हणाली, "ममा, हे सिंदूर आहे का?" आठवीतली मुलगी, गाझियाबादला वाढलेली, आणि घरात कुंकवाची डबी कधीच नव्हती. तिला कुठून कळणार.

भांड्याला शिळ्या लसणाचा वास. बटण दाबलं तर घरघर आणि जळका धूर. कुणीतरी वापरून परत केलेला माल मला नवा म्हणून पाठवला आहे.

परत न्यायची विनंती टाकली. सरळ गोष्ट आहे. होईल.

१ ऑक्टोबर, बुधवार
झाली नाही.

न्यायला आलेल्या माणसाने हेल्मेटही काढलं नाही. खोकं उघडलं, स्वस्तिक बघितलं. "मैडम, इसकी तो पूजा हो गई है. यूज़्ड है."
"आया ही ऐसा था."
"नवरात्र में सब करते हैं, मैडम. पूजा के बाद वापस नहीं होता." मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि गेला.

समोरच्या खन्ना आंटी दारात दुधाची पिशवी घेऊन उभ्या. सगळं ऐकलं. "अरे, पूजा करके भी कोई लौटाता है? अपशकुन होता है! आप लोग भी करते हो ना, मशीन की पूजा?"

मी हसून मान हलवली. हो अशी.

का हलवली? सात वर्षं समोरासमोर राहतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, इतकंच समजत होते. आज विचारलं. तरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी. फोनवर गेली. शेवटी एक 'सीनियर' आला, विकास. आवाज साखरेचा. त्याला स्पष्ट सांगितलं, हम बौद्ध हैं, हमारे घर में पूजा नहीं होती, कुंकू हमारा हो ही नहीं सकता. जे समोरच्या दारात बोलले नाही ते ह्या अनोळखी माणसाला, तेही रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर.

तो म्हणाला, "वो आपका पर्सनल मामला है, मॅम. बुरा मत मानिए, पर लोग क्या करते हैं, नया मँगाया, घर का ख़राब वाला उसके डिब्बे में डाला और भेज दिया. हम कैसे मानें?"
"यानी मैं झूठ बोल रही हूँ?"
"मैंने ऐसा नहीं कहा, मॅम. सिस्टम कह रहा है."

विकासच्या घरातलं सगळं बिघडो. एकदम नको, एकेक. आधी गीझर, ऐन जानेवारीत. मग फ्रीज. आणि दर वेळी कुणीतरी त्याला असंच गोड आवाजात 'सर' म्हणो.

हे लिहून बरं वाटलं. वाटायला नको होतं.

५ ऑक्टोबर, रविवार
आईचा फोन, नागपूरहून. "अवं, पुसून टाक नं ते कुंकू, अन् दुरुस्त करून घे. कायले जीव जाळून राहिली?"

नवऱ्याचं, मिलिंदचंही तेच. पेपरातून मान वर न करता. "जाऊ दे ना यार. दुसरा घेऊ." सगळे 'जाऊ दे' म्हणतात म्हणून विकास तयार होतात. मिलिंदला तसं म्हटलं, तर म्हणाला, "बिल्कुल. चहा टाकतेस?"

ग्राहक मंचाचं ऑफिसात विचारलं होतं. सगळे हसले. साइटवर लिहिलेला अभिप्रायही दुसऱ्या दिवशी गायब.

भांडी घासताना सुचलं. खरं तर विकासनेच शिकवलं. तोच मिक्सर पुन्हा मागवायचा. नवा ठेवून घ्यायचा, हा जळका त्याच्या खोक्यात घालायचा आणि 'खराब निघाला' म्हणून परत. खोटारडी म्हणालाच आहे, तर तसंच सही.

लाज वाटली नाही. हेही लिहून ठेवते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुसरा आला. सीलबंद. ओलं खोबरं टाकून बघितलं, लोण्यासारखं वाटलं गेलं. म्हणजे आता हाही उघडलेला, वापरलेला.

मिलिंद दौऱ्यावर. जळका पुसायला घेतला. कुंकू ओल्या फडक्याने जाईना, नेलपॉलिश काढायचं औषध लावलं. स्वस्तिक गेलं. दोरा कात्रीने कापला, गाठ घट्ट होती.

ती गाठ हातात घेऊन बसले. कुणी बांधली असेल? असेल कुणी तिकडे लांब मानेसरची, नाहीतर इथलीच, दोन गल्ल्यांपलीकडची. घरात नवी वस्तू आली म्हणून हौसेने पूजा केली. मशीन जळलं. तिलाही कुणी विकास भेटला असेल: पूजा हो गई है, मॅम. मग तिनेही दुसरा मागवला आणि हा त्याच्या खोक्यात घालून पाठवला. घाईत नीट पुसला नाही, आणि तो माझ्याकडे आला.

खात्री नाही. पण दुसरं काही सुचत नाही.

मी तिच्यापेक्षा नीट पुसते आहे, एवढाच फरक.

थांबले नाही. पुसून पूर्ण केला. खोक्यात भरला, परतीची विनंती टाकली. कारण: खराब माल. ते तर खरंच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सगळं नीट पार पडलं. चटण्या, वाटण, सगळं नव्या मिक्सरवर. माणसं पोटभर जेवली.

सकाळी खन्ना आंटींचं दार वाजवलं. "आज हमारे यहाँ कार्यक्रम है, खाने पे आइए. हम बौद्ध हैं. उस दिन की पूजा हमारी नहीं थी." एका दमात.
"अच्छा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपको देखके तो बिल्कुल नहीं लगता!" कौतुक म्हणूनच म्हणाल्या. दुपारी आल्या, जवसाची चटणी दोनदा मागून घेतली. त्या 'नहीं लगता'चा राग अजून कुठे ठेवावा कळत नाही. विकासच्या खात्यात टाकते.

वंदनेच्या वेळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलले, आवाज नाही. यशू शेजारी होती. तिने बघितलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
न्यायला तोच माणूस. आज हेल्मेट काढून उभा. खोकं त्याच्यासमोर ठेवलं, म्हटलं, खोलके देख लीजिए.

"रहने दीजिए, मैडम. पिछली बार आपके साथ ग़लत हुआ. मैंने ऊपर बोला भी, कि मैडम झूठ बोलने वाली नहीं लगतीं. किसी ने सुना नहीं. इस बार बिना खोले ले जाऊँगा. लाइए."

हात पुढे केलेला. खरं बोलत होते तेव्हा ह्यानेच नाही म्हटलं होतं. आज हो म्हणतोय. आणि उद्या हे उघडकीला आलं तर विकासला काही होणार नाही, न उघडता नेलं म्हणून हाच अडकेल.

"आज नहीं," मी म्हटलं. "कल आइए."
"कल आख़िरी चक्कर होगा, मैडम. उसके बाद रिक्वेस्ट कट जाएगी."

विकासला सोडायचं नाही, हे पक्कं. पण हे खोकं त्याच्यापर्यंत कधी पोचणारच नाही. ते पोचेल कुणा दुसरीच्याच ओट्यावर. ती खोकं उघडेल, वास घेईल.

रात्री जेवताना यशू म्हणाली, "ममा, उद्या माझी शाळा लवकर सुटते. तुम्ही दोघं ऑफिसात असाल. तो अंकल आला तर खोकं मी देऊ?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी तिला आणखी भात वाढला.

खोकं चपलांच्या कपाटावर आहे. यशू झोपायच्या आधी पुन्हा विचारून गेली.